केकची गाडी

भिवंडीजवळच्या वडप्याच्या नाक्यावर त्या शनिवारी हितेशचा बॅनर लागला. डोळ्यांवर गॉगल, गळ्यात सोन्याची चेन, खाली ‘युवा नेतृत्व’. नेतृत्वाला दुसऱ्या दिवशी सात वर्षं पूर्ण होणार होती. तूर्त ते अंगणात म्हशीच्या शेपटीला फुगा बांधत होतं.

आजोबा बाळारामशेठ कौतुकानं बघत होते. गोदामांना जमीन दिल्यापासून घर दुमजली झालं होतं. म्हशी दोनच उरल्या होत्या, पण त्यांना दरवर्षी गुरांचा डॉक्टर घरी येऊन टोचून जाई. हितेशचेही सगळे डोस झाले होते. त्याच्या बहिणीला, पाच वर्षांच्या मनालीला मात्र कधी सुई लागली नव्हती. “पोरीला टोचलं का ताप येतं. रातभर जागायचं कोनी?” असा घरचा रिवाज. सरकारी दवाखाना घराच्या भिंतीला लागून. तिथली नर्स खिडकीतून हाक मारी, शेठ खिडकी लावून घेत.

मनाली आतल्या खोलीत तापानं पडून होती.

दुपारी डॉ. सादिया आली. भिवंडीचीच पोर, मुंबईला घटसर्पाच्या जंतूवर संशोधन करत होती. जवळच्या पाड्यात त्यानंच एक मूल दगावलं होतं, म्हणून ती घरोघर मुलांच्या घशात कापसाची काडी फिरवून नमुने घेत होती.

“घरात कुणाचा घसा दुखतोय?”

“नातीचा,” शेठ म्हणाले आणि हितेशला पुढं केलं. “हा घ्या, याचा बघा.”

“याला काय होतंय?”

“याला काय व्हतंय? वाघ हाय! आ कर रे.”

वाघानं आ केला. काडी आत गेली आणि वाघ ओकला.

“आणि नात?”

“ती झोपलीय. याचाच आजून एक घ्या ना.”

तेवढ्यात सून दिपाली मनालीला कडेवर घेऊन बाहेर आली. पोरीची मान सुजली होती, श्वास घरघरत होता. सादियानं घशात बॅटरी मारली. आत राखाडी पापुद्रा पसरला होता. काडी फिरवून होताच ती म्हणाली, “रिपोर्टची वाट बघू नका. या जंतूचं विष हृदयापर्यंत जातं. त्यावरचं औषध मुंबईला आहे. आत्ता निघा.”

“गाडी न्हाय,” शेठ म्हणाले.

गाडी दारात उभी होती. शेठनीही तिच्याकडे बघितलं. “ती केक आनाया ठाण्याला जातेय. तीन मजली हाय. रिक्षात मावत न्हाय.”

“पोरगी मावते?” दिपालीनं विचारलं.

शेठनी नातीकडे बघून अंदाज घेतला. “पोरगी मावंल.”

दिपाली मनालीला घेऊन गाडीत बसली आणि चावी घेऊन उभ्या असलेल्या नवऱ्याला म्हणाली, “अहो, चालवा. न्हायतर चावी द्या, मी चालवते.”

“तुला कुठं येते?” मनोज म्हणाला.

“येत न्हाय. त्याचाच इचार करा.”

मनोजनं नव्या गाडीचा विचार केला आणि मुकाट स्टिअरिंगवर बसला.

“आनि केक?” शेठ ओरडले.

“उद्या भाकर कापा, मामा!” दिपालीनं सासऱ्यांना गाडीतून सांगितलं.

औषध वेळेत मिळालं. काही दिवसांनी मनालीचा श्वास मोकळा झाला. हृदयावर अजून डॉक्टरांची नजर होती. सादिया रिपोर्ट घेऊन वॉर्डाबाहेर आली, तेव्हा शेठ शहाळं घेऊन बसले होते, शेजारी दिपाली होती.

“जंतू दोघांच्याही घशात सापडला. हितेशलाही गोळ्या द्याव्या लागतील.”

“वाघाच्या पन? मंग लशीचा फायदा काय?”

“तो बाहेर फुगे फोडतोय, हाच.” तिनं पेन काढलं. “मनालीला लस का दिली नव्हती? दवाखाना लांब होता?”

“हां, लांब,” शेठ म्हणाले.

“माहिती नव्हती?”

“ती पन नव्हती.”

“दवाखान्याची न् आपली भिंत एकच हाय,” दिपाली म्हणाली. “डॉक्टर, पोरगी हाय म्हणून टोचलं न्हाय. तसंच लिवा.”

“घरातली गोष्ट बाहेर कशाला?” शेठ म्हणाले.

“घरातच ठेवली, म्हणून पोरगी हितवर आली.”

“तू गप बस गो.”

“न्हाय बसत. मी पन गप बसले, ते पन लिवा. सासऱ्यांनी खिडकी लावली, पोरीच्या आईनं उघडली न्हाय.”

सादिया लिहू लागली. शेठ खालच्या आवाजात म्हणाले, “मॅडम, नाव नका छापू.”

“संशोधनात आम्ही कुणाचंच नाव छापत नाही, शेठ.”

“माझं छापा,” दिपाली म्हणाली. “दिपाली मनोज, वडपे. कोनी इचारायला आलं, तर सांगीन.”