आवळलेली मूठ

माझा काका डोंगर चढायला निघाला तो लोखंडी टोकाचे बूट घालून. गोदीत पस्तीस वर्षं क्रेनवाल्यांना इशारे देणारा मुकादम, वय अडुसष्ट, आयुष्यात कधी टेकाडसुद्धा चढलेला नाही.

"काका, हे बूट घसरतील."

"तुझ्या सल्ल्यानं एक जण चढला होता. तेवढं पुरे झालं."

तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. मनात मात्र गेलं वर्षभर अरे-तुरेच चालू आहे.

तो एक जण म्हणजे त्याचा मुलगा, माझा चुलत भाऊ. बापाच्याच हाताखाली क्रेन चालवायचा. लोकांना डोंगरावर नेणं हा माझा धंदा, म्हणून हट्टानं माझ्याबरोबर आला आणि वरच्या घसाऱ्यावरून खाली गेला. तिथे पायाखालचे दगड सरकायला लागले की मटकन खाली बसायचं असतं. मी ओरडले, "बस!" तर हा मूठ वर करून ताठ उभा. मला वाटलं, चेष्टा करतोय. दुसऱ्या क्षणी तो तिथे नव्हता.

काकानं सगळ्या नातेवाइकांसमोर मला खुनी ठरवलं. मीही काही कमी नाही. "तुमच्या पोरानं ऐकलं नाही, मस्करी करत उभा राहिला," असं त्याला तिथल्या तिथे सुनावलं. तेव्हापासून बोलणं बंद. आणि गेल्या आठवड्यात हा माझ्या दारात उभा.

"जागा दाखव. माझं पोरगं कधी शब्दाबाहेर नव्हतं. तू खोटं बोलतेस."

दुसरं कोणी त्याला नेईना. मी तयार झाले, कारण चूक माझी नव्हती हे मला त्याच्याच डोळ्यांना दाखवायचं होतं.

वाटेत चार-पाच वेळा धाप लागून त्याचा चेहरा काळवंडला. "काका, इथे बसा," म्हटलं की बसायचा, माझ्याकडे पाठ करून पाणी प्यायचा आणि मी उठा म्हणायच्या आत उठायचा. माझ्या हातची बाटली घेईना, स्वतःची आणली होती.

घसारा आला. "माझ्या पावलावर पाऊल टाका. मी सांगेन ते लगेच करा."

"हुकूम पाळायचं मला शिकवू नकोस."

निम्म्यात त्याच्या त्या बुटांखालचे दगड सुटले. तिथे कुठलं आलंय अहो-जाहो! मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "बस!"

काका थांबला. ताठ. उजवा हात वर, मूठ आवळलेली.

मी झेप घेऊन त्याचा पट्टा धरला आणि त्याला खाली खेचलं. दोघं हातभर घसरलो आणि थांबलो. दगड खडखडत खाली गेले.

"बस म्हटलं ना! मरायचंय का?"

"मग थांबलो की!" तो माझ्यावरच खेकसला. "बस म्हटलं की जागच्या जागी थांबायचं आणि ऐकू आलं म्हणून मूठ दाखवायची. क्रेनवर येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी मी हेच शिकव—"

शब्द तिथेच अडकला. आम्ही एकमेकांकडे बघितलं, वर्षभरात पहिल्यांदा.

मी म्हणाले, "काका, त्यानं ऐकलं होतं."

काका म्हणाले, "खाली गेल्यावर सांग सगळ्यांना. पोरगं शब्दाबाहेर नव्हतं म्हणावं."

"सांगते."

"आणि तो शब्द त्याला कुणी शिकवला, तेही सांग."

मी हात पुढे केला. त्यांनी तो झिडकारला.

"तुला माफ केलेलं नाही मी," ते म्हणाले आणि दोन्ही तळवे दगडांवर टेकून, बसल्या बसल्या घसरत उतरू लागले. सगळा घसारा संपेपर्यंत ते एकदाही उभे राहिले नाहीत.