चढाचे कपडे, उताराचे कपडे

दोघी बहिणींत सायकल एक आणि विंडचीटरही एकच. लॉन्ड्री टेकडीवर, घर खाली तळ्याच्या अंगाला. थोरली दिवसपाळीला, धाकटी रात्रपाळीला. सकाळी थोरली सायकल दामटत वर चढायची, फाटकाशी ती धाकटीच्या हाती द्यायची, आणि धाकटी तीच घेऊन उताराला लागायची. संध्याकाळी याच्या उलट. त्या सायकलचा जीव कधी जागेवर बसला नाही. ती कुरकुरायची, दोघी बहिणी मात्र कुरकुरत नव्हत्या.

हिवाळ्यात सगळं अडायचं ते कपड्यांवर. चढावर अंग तापतं, कपडे नकोसे होतात. उतारावर पाय रिकामे, वारा समोरून, आणि अंगावर कितीही घातलं तरी पुरत नाही. म्हणून दोघींनी आपापसात ठरवून टाकलं होतं. अंगालगत लोकरीची पातळ बंडी, तिच्यावर साधा स्वेटर, एवढ्यावरच चढायचं. निघताना दात वाजले तर वाजू द्यायचे, पहिलं वळण येईस्तोवर अंगात धग येते. जाड स्वेटर, विंडचीटर आणि हातमोजे घडी करून कॅरिअरला बांधायचे. ते चढणारीचे नव्हतेच, वर जी वाट बघत उभी आहे तिचे होते. आपण फक्त पोचवायचे.

आईला हे काही केल्या पटत नसे. दारात उभी राहून ती रोज तेच म्हणायची, "अंगावर घालायचं सोडून मागे बांधून नेतात. थंडी काय कॅरिअरला वाजते?"

"आई, घाम आला की ते ओलं होतं. मग चिमी काय घालून येणार?" थोरली धाकटीचं नाव घेऊन म्हणायची.

"मोठ्या आल्या घामवाल्या. या दिवसांत घाम येतो होय कुणाला?"

लॉन्ड्रीत हॉस्पिटलचे कपडे यायचे. चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे. थोरली ड्रायरच्या तोंडाशी उभी असायची. ते काम दिसतं सोपं, पण नवी मुलगी पहिल्या आठवड्यात हमखास फसते. ड्रायरमधून निघालेली चादर कढत असते, आणि कढत कापड हाताला कोरडंच वाटतं. तशीच घडी घातली की आतल्या शिवणीत ओल राहते, वास सुटतो, गठ्ठाच्या गठ्ठा परत येतो. म्हणून चादर हवेत झटकायची, जरा निवू द्यायची आणि मग शिवण गालाला लावून बघायची. धाकटी कामाला लागली तेव्हा थोरलीनं तिला पहिली गोष्ट शिकवली ती हीच. "गरम आहे तोवर कोरडं म्हणायचं नाही, चिमे."

चिमी पुढे तिच्याही पुढे गेली. घडीच्या टेबलावर तिचे हात असे चालायचे की बघणाऱ्यानं आपलं काम विसरावं. एकदा साहेब तिथून जाताना थांबले होते आणि म्हणाले होते, "ही मुलगी मशीनला मागे टाकील." थोरली त्या वेळी हसली होती. घरी येऊन तिनंच आईला ते कौतुकानं सांगितलं होतं. पण ते वाक्य तिच्या मनात काट्यासारखं राहून गेलं, हे तिला स्वतःलाही पुढे कळलं.

त्या हिवाळ्यात एक जागा कायमची निघाली. एकच. कायम झालेल्याला आजारपणाची रजा मिळायची आणि कंपनीच्या बसमध्ये जागा मिळायची. बस गरम, काचा बंद, थेट फाटकात. साहेब दोन्ही पाळ्यांतल्या बायकांचं काम समोर उभे राहून बघणार होते, दिवसपाळीचं सकाळी आणि रात्रपाळीचं त्याच दिवशी संध्याकाळी.

"जिला मिळेल तिला मिळेल," धाकटी म्हणाली. "तोंड वाकडं करायचं नाही."

"नाही करायचं," थोरली म्हणाली.

"तुलाच मिळू दे. तुझे गुडघे गेलेत."

"गुडघे बघून देत नाहीत गं. हात बघून देतात."

धाकटी मनानं चांगली पोर होती, आणि हात कुणाचे चांगले आहेत हे दोघींनाही ठाऊक होतं.

ठरलेल्या दिवशी थोरली पहाटेच उठली. कामाचा अंगरखा तिनं स्वतः इस्त्री केला, पुठ्ठ्यावर सपाट ठेवला, पिशवीत घातला आणि पिशवी कॅरिअरला आडवी बांधली. सुरकुती पडायला नको. आता जाड स्वेटर आणि विंडचीटर ठेवायला जागा कुठली? तिनं ते अंगात चढवले. बंडी, स्वेटर, जाड स्वेटर, वरून विंडचीटर, गळ्यापर्यंत चेन.

आई खूश. "आज आली अक्कल. आता कशी माणसात आलीस."

दुसऱ्या वळणावर तिला घाम फुटला. चढावर दर पायडलला देवाचं एक नाव घ्यायची तिची सवय होती, पण त्या दिवशी नावाऐवजी साहेबच डोळ्यांपुढे येत होते. थांबावं, वरचे दोन काढावे, कमरेला बांधावे, असं मनात आलं. पण थांबलं की उशीर. आणि सायकलवरून उतरलं की ती चढण पुन्हा गाठणं म्हणजे गुडघ्यांची परीक्षा. ती तशीच रेटत राहिली. पाठीवरून घामाची धार गेली, काखा भिजल्या, विंडचीटरच्या आत वाफ कोंडली. ते कापड वारा आत येऊ देत नाही, तसा घामही बाहेर जाऊ देत नाही.

फाटकाशी वॉचमन शेकोटीवर हात धरून बसला होता. "काय ताई, आज अख्खं कपाट घालून आलात? साहेब कधीच आत गेलेत. बघा बाई, सगळ्या रांगेत उभ्या आहेत."

बॉयलरच्या मागे वाफेची एक पाइप होती. पावसाळ्यात विंडचीटर भिजलं की दोघी ते तिच्यावर टाकायच्या. जरा वेळात कडकडीत वाळायचं. थोरलीला ती पाइप आठवली. चेन खाली ओढून तिनं विंडचीटर काढलं, मग जाड स्वेटर डोक्यावरून काढला, आणि काढताना बोटं काखेतल्या शिवणीवरून गेली. आयुष्यभर शिवणीच चाचपल्या त्या बोटांनी. त्यांना काय कळायचं ते कळलं.

तेवढ्यात धाकटी आली. रात्रभर कढत चादरी हाताळून तळवे लाल, डोळे झोपेनं जड.

"आलीस का ताई. साहेब विचारत होते, जा लवकर." तिनं स्वेटर अंगात घातला, वर विंडचीटर चढवलं, आणि चेन लावता लावता थांबली. "दमट लागतंय का गं?"

"नाही गं. माझ्या अंगाची ऊब आहे ती. लाव पटकन, वारा सुटलाय."

"बरं." धाकटीनं चेन वर ओढली. "ताई, घाबरू नकोस. चांगलं कर."

आणि ती उताराला लागली.

साहेबांसमोर थोरलीचं काम नेहमीपेक्षा चांगलं झालं. चादरी निघत होत्या, ती झटकत होती, निवू देत होती, घड्या पडत होत्या. मध्येच एक चादर तिनं गालाला लावली आणि बाजूला ठेवली.

"का?" साहेबांनी विचारलं.

"शिवणीत ओल आहे, साहेब."

साहेबांनी स्वतः हात लावून पाहिला. "मला तर कोरडी वाटते."

"गरम आहे म्हणून वाटते. जरा थांबा."

ते थांबले. चादर निवली. त्यांनी पुन्हा हात लावला आणि मान डोलावली. बाकीच्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या. थोरलीही हसली, आणि त्याच क्षणी उतारावरच्या त्या उघड्या वळणाची तिला आठवण झाली, जिथं तळ्यावरचा वारा आडवा येतो. तिनं पुढची चादर ओढली.

संध्याकाळी ती फाटकाशी उभी राहिली. रात्रपाळीच्या बायका एकेक करून आत गेल्या. सायकल आली नाही. आत साहेब घड्याळ बघत होते, मग त्यांनी बघणंही सोडलं.

"चिमी नाही आली आज?" वॉचमननं विचारलं. "आजच्याच दिवशी?"

थोरली एका स्वेटरवर चालत उतरली. घरी धाकटी खाटेवर होती, घरातली सगळी पांघरुणं तिच्या अंगावर, आणि तरी ती थडथडत होती. आई पायाशी गरम पाण्याची पिशवी धरून बसली होती. दोरीवर जाड स्वेटर वाळत होता.

"सकाळी आली ती अशीच," आई म्हणाली. "ओठ निळे. दुपारी तापानं फणफणली. उठत होती गं, जायचं म्हणून. दारापर्यंत गेली आणि बसली खाली. म्हणे, कपडे ओले होते." आईनं थोरलीकडे पाहिलं. "उतारावर कुणाला घाम येतो का? काहीतरी बरळते झालं."

थोरलीनं दोरीवरच्या स्वेटरला हात लावला. तो अजून काखेत ओला होता. तिनं पाणी तापवलं, धाकटीचे पाय चोळले, कपाळावर पट्ट्या बदलल्या. सेवेत तिनं काही कमी केलं नाही. देवानं माणसाला हात दिले तसं तोंडही दिलंय, पण त्या दिवशी तिचे हातच चालले.

दुसऱ्या सकाळी साहेबांनी तिला बोलावलं.

"तुझी बहीण काल आली नाही. मी वाट पाहिली. खरं सांगू, मला तिचं काम बघायचं होतं. काही कारण?"

तिथं ती म्हणू शकली असती. ओले कपडे मी दिले, एवढंच वाक्य होतं. पुन्हा बघा तिला, चार दिवस थांबा, एवढं पुढचं. साहेब काही वाईट माणूस नव्हते. ते थांबले असते.

"ताप आलाय," ती म्हणाली.

"असा अचानक?"

"थंडीचे दिवस आहेत, साहेब."

साहेबांनी मान हलवली. "मग तुझंच नाव देतो. तुझी इतकी वर्षं झालीत."

ती "उपकार झाले" म्हणाली आणि बाहेर आली. बाहेर आल्यावर आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. हलकं वाटलं. आणि ते हलकं वाटणंच पुढे तिच्या मानगुटीवर बसलं.

धाकटी बरी व्हायला बरेच दिवस गेले. खोकला छातीत धरून राहिला. बातमी ऐकून तिनं पडल्या पडल्या थोरलीचा हात दाबला होता, एवढंच. मग ती पुन्हा रात्रपाळीला जाऊ लागली. सायकल आता सारी तिचीच, स्वेटर तिचा, विंडचीटर तिचं. थोरली बसनं जायची. बस खरंच गरम होती. गुडघे खरंच दुखायचे थांबले. फक्त पायडल नव्हतं, त्यामुळे देवाचं नाव ओठांवर यायचं आणि पुढे सरकायचं नाही.

हातात देण्याघेण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यामुळे फाटकाशी भेटायचं कारणही उरलं नव्हतं. तरी एका सकाळी थोरली बसमधून उतरून तिथंच थांबली. धाकटी सायकल घेऊन आली. विंडचीटर, हातमोजे, सगळं नीट.

"कोरडं आहे ना गं सगळं?" थोरलीनं विचारलं. हे विचारायला नको होतं, हे तिला विचारल्यावर कळलं.

"पाइपवर टाकते मी. रोज."

"चिमे, रागावलीस का माझ्यावर?"

"ठरलं होतं ना आपलं. तोंड वाकडं करायचं नाही."

"मला त्या दिवशी खरंच कळलं नाही गं. घाईत होते, म्हणून..."

"ताई." धाकटीला खोकला आला. तो ओसरेपर्यंत ती हँडलवर वाकून उभी राहिली. "मला कळलं होतं. पहिल्याच वळणावर. फाटक दिसत होतं मागे, फिरायला किती वेळ लागला असता? पण म्हटलं, ताई कोरडं म्हणाली. तिच्या हाताला कळतं तेवढं मला कुठं कळतं? माझंच अंग गार पडलं असेल. म्हणून नाही फिरले."

वॉचमन शेकोटीत काटक्या सारत होता. त्यानं मान वर केली नाही.

"साहेबांनी तुला विचारलं असेल," धाकटी म्हणाली. "मी का नाही आले ते."

"विचारलं."

"मग तू काय सांगितलंस?"

थोरलीनं कॅरिअरची दोरी उगाच घट्ट केली. धाकटीनं जरा वाट पाहिली, तिला बोलायला पुरेल एवढी.

"बरं," ती म्हणाली. "जा आत, भोंगा होईल." आणि टांग टाकून निघून गेली.

त्यानंतर फाटकाशी थांबायची हिंमत थोरलीला झाली नाही. पण रस्ता एकच आहे. संध्याकाळी बस खाली उतरते तेव्हा धाकटी वर चढत असते, पातळ स्वेटरवर, मान खाली घालून, मध्येच खोकत. रस्ता अरुंद. ड्रायव्हर लांबूनच हॉर्न देतो. धाकटी सायकल कडेच्या मातीत उतरवते, एक पाय टेकून उभी राहते, बस जाऊ देते. खिडकीतल्या खिडकीत थोरली रोज वळून बघते. धाकटी तोवर पुन्हा चढाला लागलेली असते.