भाऊसाहेब जेवले का?

“आधी त्याचं, मग आपलं. त्यानं तोंड लावल्याशिवाय आपण पानाला हात लावायचा नाही.”

सासूबाईंनी मला हे सांगितलं तेव्हा माझ्या हातावरची मेंदीही उतरली नव्हती. नारायण पेठेत दोन खोल्यांचा संसार होता आणि मोरीच्या कडेला पालथ्या वाटीसारखं एक कासव बसलेलं, पाठीवर पिवळ्या चांदण्या. सासरे परळीहून नोकरीला पुण्यात आले त्या वर्षी कुणीतरी ते त्यांना दिलं होतं. घरात कासव असलं की लक्ष्मी टिकते, अशी त्यांची श्रद्धा. त्याला सगळे भाऊसाहेब म्हणायचे, कारण सासऱ्यांचे थोरले बंधूही असेच मान बाहेर काढून घरभर बघायचे आणि काही न बोलता पुन्हा आत घ्यायचे.

आम्ही कोथरूडला आलो तेव्हा भाऊसाहेबही आले. सकाळी देवपूजा, स्तोत्र, मग त्यांच्यापुढे मेथीची पानं आणि जास्वंदीचं फूल. त्यांनी पहिला घास घेतला की पाठीला कुंकवाचं बोट लावायचं आणि मग आमची पानं मांडायची. सासू-सुनेचा हा नेम कधी चुकला नाही. माहेरी गेले तरी मी फोन करून विचारायचे, भाऊसाहेब जेवले का, आणि मगच ताटावर बसायचे.

यंदा दिवाळीनंतर सोसायटीच्या नव्या सेक्रेटरींनी ह्यांना बाजूला घेऊन हळूच सांगितलं की असं कासव घरात ठेवणं हा गुन्हा आहे. आम्हाला ते अर्धवट माहीत होतंच. म्हणून तर कधी त्याचा फोटोसुद्धा काढला नव्हता. ह्यांनी वन खात्याला आपणहून कळवलं. सासूबाई तेव्हा खुब्याच्या ऑपरेशननंतर पलंगावर होत्या. त्यांनी भाऊसाहेबांना जवळ आणायला लावलं, पाठीवर हळद-कुंकू वाहिलं आणि तोंड फिरवलं. दुपारी जेवल्या नाहीत. रात्रीही नाही. त्यांना साखरेची गोळी चालू आहे, उपाशीपोटी ती घात करते. तेव्हा ह्यांनी त्यांच्या पायाशी बसून शब्द दिला.

“आई, तो रोज जेवला की नाही, ते तुला रोज कळेल. मी सांगेन.”

भाऊसाहेबांना काही दिवस तपासणीत ठेवून मग प्राणिबागेत नेलं. ह्यांनी पहिल्या रविवारी मला स्कूटरवरून तिथे नेऊन रस्ता दाखवला. नंतर ह्यांच्या गुडघ्याचं निघालं, मग बँकेचं काम निघालं, आणि ‘मी सांगेन’ मधला मी म्हणजे मीच, असं न बोलता ठरून गेलं.

मग रोज देवापाशी दिवा लावून मी निघायचे. कोथरूडहून स्वारगेट, तिथून कात्रजची बस. फाटकाशी फळा होता, ‘नवे पाहुणे’ असं वर लिहिलेला. त्यावर रानकुत्र्यांची जोडी आणि खाली स्टार कासवं. गर्दी रानकुत्र्यांपुढे. कासवांच्या कुंपणापाशी लोक क्षणभर थांबायचे, हलत नाहीत म्हणून पुढे जायचे.

एकटी गेले त्या पहिल्याच दिवशी मी कुंपणावरून वाकून पाहिलं. आत अकरा कासवं होती. सगळ्यांच्या पाठीवर चांदण्या. हळद-कुंकू धुऊन गेलेलं. इतकी वर्षं ज्याच्यापुढे पान ठेवलं तो यातला कोणता, मला सांगता येईना. मी हळूच “भाऊसाहेब” म्हटलं. कुणीच मान वर केली नाही. तिथले कर्मचारी कोंडीराम चारा टाकत होते, त्यांना विचारलं. ते म्हणाले, “ताई, आता एकत्र सोडल्यावर मलाबी वळखू येत न्हाई. समदी सारखीच दिसत्यात. पण जीव चांगले हायेत.”

आता काय करावं? घरी सासूबाई ताट पुढे घेऊन माझ्या फोनची वाट बघत होत्या. ज्या तोंडाने सकाळी स्तोत्र म्हणायचं, त्याच तोंडाने न पाहिलेलं पाहिलं म्हणून सांगणं मला जमलं नसतं. मग मी कठड्याला टेकून उभी राहिले. अकराच्या अकरा जणांनी तोंड लावेपर्यंत थांबले. अकरा जेवले म्हणजे त्यात आपले जेवले. मग फोन केला, “आई, खाल्लं त्यांनी.” तिकडे वाटी-चमच्याचा आवाज आला तेव्हा माझे पाय दुखत असल्याचं मला कळलं.

हे रोजचं झालं. बुधवारी बाग बंद, म्हणून सासूबाई त्या दिवशी दूध-केळ्यावर राहायच्या आणि त्याला उपास म्हणायच्या. बाकीचे दिवस मी कुंपणाशी. येणाऱ्याजाणाऱ्यांना मी बागेतलीच वाटायला लागले. वाघ कुठे दिसेल, असं विचारायचे. मी सांगायचे, सकाळी लवकर जा, उन्हं चढली की तो झाडोऱ्यात शिरतो. साप शेवटी बघा, तिथे सावली आहे. आणि खाऊ कुणालाही टाकू नका. एका बाईंनी मला आपण किती वर्षं नोकरीत आहात म्हणून विचारलं. मी हसले, तेवढंच.

घरी हे म्हणायचे, “खाल्लं म्हणून सांगायला कात्रजपर्यंत जावं लागतं होय? स्वयंपाकघरातूनही सांगता येतं.” आणि मी परतल्यावर चहाचा कप पुढे करून, “बसा. कासवापेक्षा जरा लवकर आलात आज.” मी कप घ्यायचे आणि पाय चोळत बसायचे.

मार्गशीर्षातला गुरुवार उजाडला. थंडी कडक पडली होती. पहाटे कलश मांडला, पूजा केली, उपास धरला आणि निघाले. ऊन अंगात भरल्याशिवाय कासवं हलत नाहीत. त्या दिवशी ढगाळ होतं. हळूहळू दहा जण चाऱ्याशी आले. अकरावं दगडाच्या कपारीत तसंच होतं. कोंडीरामांनी त्याच्यापुढे काकडी ठेवली, तरी नाही. ते म्हणाले, थंडीत असं होतं, डॉक्टर दुपारी बघणारच आहेत, आणि पुढच्या पिंजऱ्याकडे गेले.

बारा वाजून गेले. ह्यांचा फोन आला. आईचा हात थरथरतोय, घाम आलाय, मी सांगतो तिला खाल्लं म्हणून. मी म्हटलं, तुम्ही सांगा, पण मी सांगितलं असं म्हणू नका. थोड्या वेळाने पुन्हा फोन वाजला. ह्यांचा आवाज पडला होता. आईने एवढंच विचारलं होतं, हे तिने सांगितलं की तू? आणि ह्यांना पुढे रेटता आलं नव्हतं.

“मला दे फोन,” मागून सासूबाईंचा आवाज आला. मग कानाशी त्यांचा श्वास.

“कल्याणी, खाल्लं का त्यानं?”

“आई, दहा जणांनी खाल्लं. एक जण बाहेर आला नाही. आणि आपले भाऊसाहेब कोणते, ते मला ओळखू येत नाही. पहिल्या दिवसापासून नाही.”

मी कपारीकडे पाहिलं. कपारीतलं कासव तसंच. मला वाटलं, आता काय तो निकाल लागला.

“म्हणजे इतके दिवस तू सगळ्यांचं होईपर्यंत उभी होतीस?”

“हो.”

“बसायला आहे का तिथे काही?”

“कठडा आहे.”

“वैजनाथ,” त्या बाजूला तोंड करून म्हणाल्या, “ताट आण. घरचे दहा जण जेवले, आता मी जेवते. अकराव्याला डॉक्टर बघतील.” आणि मला म्हणाल्या, “तू ये घरी. उद्या त्याचं आधी बघू. तो आपला असो नाहीतर कुणाचा.”

मी कठड्यावर टेकले ती बसूनच राहिले. बाजूला एक कुटुंब कासवांचा फोटो काढत होतं. बस मिळेपर्यंत चार वाजले. संध्याकाळी नैवेद्य दाखवला, उपास सोडला. चार घासही नीट गेले नाहीत. हे त्या दिवशी एक शब्द तिरका बोलले नाहीत. माझं पान ह्यांनीच उचललं.

शुक्रवारी सकाळी मला उठवेना. अंग तापलं होतं, पाय लाकडासारखे झाले होते. पडल्या पडल्याच स्तोत्र म्हटलं. देव समजून घेतो. बाहेर काहीतरी खुडबुड चालली होती. डोळे उघडले तर हे दारात उभे. स्वेटर, कानटोपी, गुडघ्याला पट्टा. काखेत बाल्कनीतलं घडीचं स्टूल.

“अकरा ना?” ह्यांनी विचारलं.

“अकरा. कपारीतला एक मोजायला विसरू नका.”

मान हलवली. आईंच्या खोलीत डोकावून काहीतरी हळू म्हणाले, ते मला ऐकू आलं नाही. मग दार आवाज न करता ओढून घेतलं. खाली स्कूटर दोनदा अडखळली, सुरू झाली, आणि फाटकाबाहेर गेली.