एकटाच सरळ जॉब

मी एक जुना लेथ आहे. लोखंडाची कांब माझ्यात गरगर फिरते आणि हत्यार तिला तासून आकार देतं. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका आयटीआयत मी आलो, तेव्हा पोरं रोज माझ्या अंगावरचा कीस झाडत, तेल देत. पुढे संगणकावर चालणारी नवी मशीन आली आणि माझ्याकडे बघणं कमी झालं. माझ्या एका टोकाला टेलस्टॉक असतो, तो कांबेचं दुसरं टोक धरून ठेवतो. तो केसभर सरकला होता. कुणालाच कळलं नाही.

मित्रांनो, त्यामुळे यंदा सगळ्यांचे जॉब, म्हणजे माझ्यावर तासलेले लोखंडाचे तुकडे, एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक निघाले. बीबी गावच्या संजीवनीचा तेवढा सरळ!

शेषराव सरांनी तो मायक्रोमीटरने पुन्हा पुन्हा मोजला. त्यांच्या कपाळावर आठी चढली.

"सर, इच्या मामाचं मेहकरले वर्कशॉप हाये," तिच्या वर्गातला शेखर म्हणाला. "तिथून तयार आणला असन."

वर्गात कुजबुज सुरू झाली. संजीवनी जवळ आली की बोलणं थांबायचं. मी सगळं पाहिलं होतं, पण मला तोंड कुठे?

"उद्या सगळ्याइसमोर करून दाखव," सर म्हणाले. "नाही जमलं, तर परीक्षेले बसता येणार नाही."

दुसऱ्या दिवशी तिने कांब चढवली, हत्यार जवळ आणलं आणि थांबली.

"पाहा, अडकली ना!" मागून शेखरचा आवाज आला.

तिचा हात माझ्या टेलस्टॉकवर होता. मशीनच्या सेटिंगला हात लावायचा नाही, हा सरांचा कडक नियम. नियम पाळला तर ती चोर ठरणार होती. मोडला तर तोही गुन्हाच.

"सर," ती म्हणाली, "हा सरकवल्याबिगर जॉब सरळ येत नाही. त्या दिवशी बी मी सरकवला होता, अन् मंग होता तिथं आणून ठेवला. तुमाले भेली म्हणून सांगतलं नाही."

सर पुढे येऊन माझ्यापाशी उभे राहिले. "सरकव. माह्यासमोर."

तिने स्क्रू फिरवला, थोडं तासलं, दोन्ही टोकं मोजली, पुन्हा फिरवला. शेवटी सरांनी स्वतः माप घेतलं. दोन्ही टोकं सारखी!

"मी पोरीवर शक घेतला," सर हळूच म्हणाले, "मशीनवर नाही घेतला." त्यांनी सगळ्यांना जॉब नव्याने करायला लावले.

सुट्टीत शेखर तिच्यापाशी आला. "चुकलं वं माहं."

"तुले मीच चोर काऊन वाटली?" तिने विचारलं.



मित्रांनो, माप चुकलं तर आधी मला तपासा. मला पुसा, तेल द्या, माझा कल बघा. मला तपासलं म्हणून माझं मन दुखत नाही. संजीवनी मात्र आता जॉब झाला की तो टेबलावर ठेवत नाही. हातात घट्ट धरून थेट सरांकडे नेते.