काल्याच्या दिवशी बंद पडलेलं दुकान

रहिमतपूरच्या देवळात अष्टमीच्या सप्ताहातलं काल्याचं कीर्तन रंगात आलं होतं. मृदंग असा बोलत होता की ऐकणाऱ्यानं आपलं दुखणं चपलांसंगं बाहेर ठेवावं. आणि पलीकडच्या गल्लीत, हळदीच्या गिरणीत उभी असलेली क्रांती हातातला मोबाईल हळकुंडांबरोबर भरडायच्या बेतात होती.

अकरा वाजता शिरवळच्या कंपनीतले खरेदीवाले आपल्या साहेबांना तिचं ऑनलाइन दुकान उघडून दाखवणार होते. दिवाळीला कामगारांना तिच्या हळदीची भेटपेटी द्यायची की नाही, ते तिथंच ठरणार होतं. महिनाभर ती त्यांच्या मागे लागली होती. आणि नेमका आता फोन आला, "ताई, दुकान उघडेना. नुसतं चाक फिरतंय."

तिनं दिराला फोन लावला. वेबसाइट सूरजनंच बांधली होती.

"वैनी, रागावू नगा," तो चाचरला. "सर्व्हर दमलाय. कीर्तन बी त्याच्यावरनंच लाइव्ह चालू हाय न्हवं. पुण्यातली, मुंबईतली, फौजेतली समदी आपली मानसं एकदम बघाय आल्यात."

"माझ्या दुकानाच्या सर्व्हरवर कीर्तन? कुणाला इचारून रं?"

"आबांनी सांगितलं. म्हणले, एवढी जागा हाय तर देवाला दुसरा कशाला? काल्यात कुनी आपली शिदोरी येगळी ठेवतं व्हय?"

आबा म्हणजे तिचे सासरे नानासो, सप्ताहाचे कर्तेधर्ते.

"बंद करू का कीर्तन? एक बटण दाबलं की दुकान उघडंल."

'कर' हा शब्द तिच्या ओठांवर आला होता. पण सांगलीत तिची आई सहा महिने अंथरुणावर होती. उशाशी मोबाईल ठेवून ती हेच कीर्तन ऐकत असणार.

"हात लावू नगंस," क्रांती दात खाऊन म्हणाली. "पण तुमा दोघांस्नी मी सोडत न्हाई."

तिनं शिरवळला पेट्यांचे फोटो पाठवले, विनवण्या केल्या. उत्तर आलं, "साहेब म्हणतात, ज्यांचं दुकान आज उघडत नाही, ते दिवाळीत माल काय देणार? आम्ही सुकामेवा ठरवला."

ती तशीच, कोपरापर्यंत पिवळ्या हातांनी देवळात गेली. हंडी फुटली होती. नानासो पातेल्यातून काला वाटत होते.

"ये, क्रांती. घे."

तिनं हात मागं घेतला. काल्याला नाही म्हणणारं माणूस त्या देवळानं पाहिलं नव्हतं.

"आवं आबा, काल्याला शिदोऱ्या एकत्र व्हत्यात, चुली न्हाईत. तुमी माझ्या चुलीवर गावाचा हंडा चढवला अन् मला सांगितलं बी न्हाई. शिरवळचं काम गेलं."

नानासोंच्या हातातला काला गळत राहिला. "देवाचं काम म्हणून केलं गं..."

"देवानं चोरून करा म्हणून सांगितलं व्हतं? माझं दुकान कुठं ठेवायचं, ते कोण ठरवणार? आधी बोला."



"तू," नानासो म्हणाले. "चुकलो पोरी."

मग तिनं पिवळा तळवा पुढं केला. काला तोंडात घातला आणि तोंड भरलेलं असतानाच खांबाआड लपलेल्या सूरजकडं बोट रोखलं.

"आजच्या आज दुकानाला येगळा सर्व्हर. गर्दी वाढली तरी पडंना असा. दुकानाची रोज नक्कल काढून ठेवणारा, अन् फोन केला तर मानूस उचलंल असा. निवडणार मी. अन् कीर्तन हाय तिथंच ऱ्हाऊ दे. आई ऐकतीया."