अनंताच्या नावाची तगर

मी तगर बोलतेय. जरा हळूच बोलते, कारण समोर भिंतीला कुदळ टेकवून ठेवलीय. ती कुणी आणि कशासाठी आणली हे मला ठाऊक नाही, म्हणूनच माझी पानं अशी लवलवतायत. वारा नाहीये आज. तुम्ही म्हणाल, झुडपाला कसली आलीय एवढी काळजी? थोडे दिवस दुसऱ्याच्या नावानं जगून बघा, मग आपण बोलू.

माझा जन्म एका नर्सरीत झाला. कुणीतरी फांदीचा तुकडा कापला, मातीत खोचला, पाणी घातलं आणि मी लागले. माझ्या शेजारच्या कुंडीत अनंत होता. लांबून बघणाऱ्याला आम्ही सख्खी भावंडंच वाटायचो. दोघांची पानं हिरवीगार आणि चकचकीत, दोघांची फुलं पांढरी, भरगच्च पाकळ्यांची. जवळ येऊन बघितलं तर कळायचं. त्याचं पान जाड, शिरा उठून दिसणाऱ्या. माझं मऊ, कडेला जरा नागमोडी. माझं पान मोडलं की दुधासारखा चीक येतो, त्याच्या अंगात चीक नाही.

पण खरा फरक वासाचा. त्याचं एक फूल उमललं की सगळ्या नर्सरीला बातमी लागायची. मी अंगभर फुलले तरी कुणाचं नाक माझ्याकडे वळत नसे. अगदीच वास नाही असं नाही हो, दिवस कलताना येतो किंचित, पण तो मला एकटीलाच माहीत.

स्वभावही वेगळे. मला ऊन द्या, सावली द्या, विसरून जा, मी आपली बारा महिने फुलते. अनंत मात्र जावयासारखा. सकाळचं कोवळं ऊन हवं, दुपारी सावली हवी, माती जरा आंबट हवी. कुंडी नुसती सरकवली तरी रुसून कळ्या गाळणार.

एके दिवशी तिघं आली. एक नवरा-बायको, त्यांना गल्लीत सगळे भाऊ आणि वहिनी म्हणतात, आणि सोबत भाऊंची थोरली बहीण, जी भिंतीपलीकडच्याच घरात राहते. वहिनींना अनंत हवा होता. ताई म्हणाल्या, "मला आपली बिनकटकटीची तगर दे बाबा. माझ्याकडे लाड करायला वेळ नाही."

नर्सरीवाल्यानं आम्हां दोघांना पुढे काढलं आणि तो पिशव्या आणायला गेला. आमच्या कुंड्यांत नावाच्या पट्ट्या खोचलेल्या होत्या. भाऊंना चष्म्याशिवाय वाचता येईना. त्यांनी दोन्ही पट्ट्या उपटून डोळ्यांशी धरल्या, मोठ्यानं वाचल्या आणि बोलता बोलता परत खोचल्या. त्याची माझ्यात, माझी त्याच्यात. मी जिवाच्या आकांतानं ओरडले. म्हणजे एक पान गाळलं. मला तेवढंच येतं.

नर्सरीवाल्यानंही परत येऊन न बघताच पिशव्या भरल्या. असा अनंत तगर होऊन ताईंकडे गेला आणि मी अनंत होऊन वहिनींच्या मागच्या दाराशी मातीत लागले. भाऊ रोज सकाळी विचारायचे, "काय अनंतराव, कळ्या कधी?" मी बाईमाणूस, मला अनंतराव! हसू आलं असतं, पण त्याच आठवड्यात अनंत कशासाठी आणला ते मला कळलं आणि माझं हसणं तिथंच थिजलं.

वहिनींची बेकरी आहे. पुढच्या खोलीत दुकान, मधल्या खोलीत भट्टी, आणि मागं हे एवढंसं अंगण. पीठ, लोणी, भट्टी सगळं वहिनींच्या हातात. भाऊ गल्ल्यावर बसतात आणि गिऱ्हाइकांना हसवतात. वहिनींनी कधी घड्याळ बघून पाव काढला नव्हता. भट्टीकडे पाठ करून त्या कणीक मळत असायच्या आणि मध्येच म्हणायच्या, "झाला." वासावरून कळायचं त्यांना.

मग त्यांना एक ताप आला. ताप उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, रोज काहीतरी हुंगत राहा. कधी येईल ते त्यांनाही सांगता येईना. तोवर वहिनी धास्तीनं भट्टीचं दार पुन्हा पुन्हा उघडून बघायच्या आणि पाव खाली बसायचे. एकदा खवट लोण्याची बिस्किटं तशीच विकली गेली. गिऱ्हाईक पुडा परत घेऊन आलं आणि ठेवून गेलं. त्या दिवशी वहिनी मागच्या पायरीवर बसून खूप रडल्या.

"माहेरी मागच्या दाराशी अनंत होता," त्या भाऊंना म्हणाल्या. "पांघरुणात डोकं खुपसलं तरी वास यायचा. याला फूल येऊ द्या. त्याचा वास आला तर मी भट्टी सोडणार नाही. नाहीच आला, तर मग कशाचाच येणार नाही. मग मी उगाच लोकांना करपलेलं खायला घालणार नाही."

ऐकलंत? माझ्या फुलावर त्यांनी सगळं ठरवून टाकलं होतं. आणि माझं फूल तर काहीच सांगणार नव्हतं. त्यांचं नाक उद्या धडधाकट झालं असतं, तरी माझ्याजवळ येऊन त्यांना वाटलं असतं की आपलं सगळं संपलं.

माती आंबट राहावी म्हणून वहिनी चहाचा चोथा भिजवून ते पाणी मला घालायच्या. दुपारी ऊन लागू नये म्हणून त्यांनी जुना पडदा बांधला. "पान तोडायचं नाही हं कुणी," अशी ताकीदच होती. मी मनात म्हणायचे, तोडा हो, एक तरी तोडा, चीक बघा! पण कुणी हात लावेल तर शपथ. माझ्याच्यानं कळ्या रोखून धरवेनात. अशा लाडात तगर फुलणार नाही तर काय करणार?

भिंत कमरेएवढीच आहे. तिच्यावरून मला तो दिसायचा. ताई त्याला कपडे धुतल्याचं साबणाचं पाणी ओतायच्या आणि वर म्हणायच्या, "तगरीला काय, काहीही चालतं." रणरणत्या उन्हात तो उभा. पानं पिवळी पडत चालली, कळ्या मण्याएवढ्या होऊन गळत होत्या. मला त्याची दया यायची आणि भीतीही वाटायची. तो मेला तर या घरांत अनंत कसा असतो हे सांगणारं कुणीच उरणार नव्हतं.

शेवटी एका पहाटे माझं पहिलं फूल उमललं. माहेरचा अनंत लहानपणचा, त्याचा वास तेवढा वहिनींच्या लक्षात होता, पान-फूल नव्हे. वहिनींनी ते बघितलं, आत गेल्या, हात धुतले, पिठाचा झगा काढून ठेवला आणि परत आल्या. डोळे मिटले. वाकल्या. त्यांचा श्वास माझ्या पाकळ्यांना लागला आणि मला मातीत गडप व्हावंसं वाटलं.

त्यांनी पुन्हा पुन्हा हुंगलं. मग त्यांनी भाऊंना हाक मारली. "तुम्ही बघा हो. वास येतो का?"

भाऊ वाकले, त्यांनी हुंगलं. मी त्यांचा चेहरा अगदी जवळून बघत होते. तो चेहरा कसनुसा झाला. पण भाऊंना कुणाच्या तोंडावर नाही म्हणणं जन्मात जमलेलं नाही. ते म्हणाले, "अहाहा! काय घमघमाट गं!"

"मला काहीच येत नाही," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी ताईंनाही विचारून झालं. त्या म्हणाल्या, "हा म्हणतोय म्हणजे असेल बाई. माझं नाक तर कायम चोंदलेलंच." झालं. पलीकडच्या रस्त्यावरच्या बेकरीवाल्याला निरोप गेला, की भट्टी विकायची आहे, बघायला या.

त्याच सुमारास ताई लेकीकडे राहायला गेल्या. जाताना वहिनींना सांगून गेल्या, "माझ्या तगरीला पाणी घाल गं." वहिनींचं माझ्यावरून मन उडालं होतं. त्या मला थोडंसं पाणी घालायच्या आणि उरलेलं चहाच्या चोथ्याचं पाणी भिंतीवरून त्याला. साबणाचं पाणी थांबलं. माझा पडदाही काढून त्यांनी तिकडच्या दोरीवर टाकला, वाळत घातल्यासारखा, आणि त्याला दुपारची सावली मिळाली. हे त्या मुद्दाम करत नव्हत्या. त्यांचे हात करत होते आणि मन भलतीकडेच होतं.

त्याच्या शेंड्याला एक कळी धरली. मी रात्रंदिवस तिच्याकडे बघायचे. टिकव रे बाबा, म्हणायचे, रुसू नकोस, एवढी एक टिकव. अनंत मुळात घुम्या. पण कळी फुगत गेली.

बेकरीवाला आला त्या सकाळी भट्टी तापलेली होती. तो टेप घेऊन भट्टीची मापं काढायच्या तयारीत होता, भाऊ त्याच्याशी उसनं हसत होते. वहिनी मागं बादली ठेवायला आल्या आणि मध्येच थांबल्या.

"अहो, काहीतरी येतंय."

भाऊ धावत आले. "अनंतरावांचाच असणार! मी म्हणत नव्हतो?"

वहिनी माझ्यावर वाकल्या. मान हलवली. उभ्या राहिल्या, नाक वर केलं, पुन्हा थांबल्या. मग पावलापावलानं भिंतीकडे गेल्या आणि भिंतीवर ओणव्या झाल्या. पडद्याच्या सावलीत ते एकच फूल उमललेलं होतं. वहिनींनी त्यात तोंड घातलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

"अनंत इथे आहे," त्या रडत म्हणाल्या. "अहो, हा आहे अनंत! येतोय मला. थोडा येतोय, पण येतोय."

मग त्या माझ्याकडे आल्या आणि कधीपासून मी ज्याची वाट बघत होते ते त्यांनी केलं. माझं एक पान तोडलं. पांढरा चीक बोटावर आला. त्यांनी भाऊंकडे बघितलं.

"तुम्हाला हिचा घमघमाट येत होता?"

भाऊंनी खाली बघितलं. "नव्हता येत गं. मला वाटलं, तुझ्यामागोमाग माझंही नाक गेलं. घाबरलो मी. म्हटलं, हे तुला सांगितलं तर तू अजूनच खचशील."

वहिनी आधी रागावल्या, मग जे हसत सुटल्या ते पायरीवरच बसल्या. दारात टेप घेऊन उभ्या असलेल्या माणसानं विचारलं, "मग भट्टीचं काय ठरलं?"

"भट्टी गरम आहे," वहिनी म्हणाल्या. "हात लावू नका."

इथं माझी गोष्ट संपायला हवी होती, पण माझ्या स्वतःच्या जिवाची काळजी तेव्हाच सुरू झाली. ताई परतल्या आणि सगळं ऐकून म्हणाल्या, "मग उपटा ही, आणि माझा तो इकडे लावा. इतकी मोक्याची जागा बिनवासाच्या झुडपाला कशाला?" वहिनी म्हणाल्या, फुलावर आलेल्या अनंताला हलवायचं नाही, तो जीव टाकेल. म्हणजे तूर्त नाही. आणि काल ही कुदळ आली.

तुम्हाला एकच विनवणी आहे. झाड आणाल तेव्हा पट्टीवर जाऊ नका, एक पान मोडून बघा. आम्हाला दुखत नाही फारसं. आणि ज्याला जे येत नाही, त्याच्या तोंडाकडे त्यासाठी बघत बसू नका.

वहिनींची आता एक रीत पडलीय. भट्टी पेटवण्याआधी त्या माझं फूल हुंगतात, काही येत नाही याची खात्री करतात आणि मग भिंतीशी जाऊन त्याचं हुंगतात. हळूहळू पावाचा वास परत आला. करपल्याचा आला. परवा खवट लोणी त्यांनी डबा उघडताच बाजूला काढलं.

आज दिवस कलताना त्या बाहेर आल्या. आल्या त्या थेट कुदळीपाशी, आणि माझ्या मुळांपर्यंत धस्स झालं. कुदळीच्या दांड्यावर वाळत टाकलेलं फडकं उचलून त्या वळल्या आणि माझ्याजवळ थबकल्या. वाकल्या. डोळे मिटले. मी पाकळीसुद्धा हलू दिली नाही.

"अगं बाई," त्या अगदी हळू म्हणाल्या. "तुलाही आहे की."

मग त्यांनी भाऊंना हाक मारली. भाऊ आले, वाकले, त्यांनी दोनदा हुंगलं, वहिनींच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "नाही गं. मला नाही येत."