तीन मोबाईल, एक तास

सविता मॅडमनी सुरय्याला शाळेत बोलावून घेतलं आणि वर्गाबाहेर नेऊन हळू आवाजात सांगितलं, "वाईट वाटून घेऊ नका, पण तुमची मुबश्शिरा मला डोळा मारते."

मुबश्शिरा नऊ वर्षांची, चौथीतली. सुरय्यानं घरी आल्याबरोबर तिला समोर बसवलं.

"मॅडमना डोळा का मारतीस गं?"

"म्या न्हाई मारत, अम्मी. आपोआप मिटतो," असं म्हणता म्हणता पोरीनं आईलाही चारदा डोळा मारला.

दुसऱ्या दिवशी सुरय्या आणि तिचा नवरा तौफिक तिला राहात्याला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी डोळे तपासले आणि विचारलं, "मोबाईल किती वेळ बघतेस?"

"थोडाच," मुबश्शिरा म्हणाली.

"शाळेतून आल्यापासून झोपेपर्यंत," तौफिक म्हणाला.

"डोळे कोरडे पडलेत. मोबाईलकडे टक लावली की पापणी मिटायचं राहून जातं, म्हणून मग अशी फडफड सुरू होते." बाईंनी थेंब लिहून दिले. "मोबाईल दिवसातून एक तास. आणि रोज दोन तास घराबाहेर, उजेडात."

"एक तास सगळा मिळून, का एकेका मोबाईलला?" मुबश्शिरानं विचारलं. घरात मोबाईल तीन होते.

बाईंनी चिठ्ठी परत ओढून घेतली आणि 'एक तास'च्या पुढं 'सगळा मिळून' असं लिहिलं.

पहिले दिवस कठीण गेले. जाहिराती आपल्या तासात धरायच्या नाहीत, असा मुबश्शिरानं वाद घातला. तो हरल्यावर तिसऱ्या दिवशी तिनं जेवण सोडलं. संध्याकाळी चुलीवर अंड्याचं कालवण उकळायला लागलं तेव्हा परत धरलं. सुरय्या मात्र मिनिटभरही ढळली नाही.

बाहेरच्या दोन तासांसाठी तिनं पोरीला आजोबांच्या हवाली केलं. बाबाजान, ज्यांना मुबश्शिरा दादा म्हणायची, रोज दुपारनंतर पेरूच्या बागेत राखणीला बसत. पेरू पिकायला लागले होते आणि पोपटांचे थवेच्या थवे उतरत होते.

"तू त्या टोकाला जा, डबा बडव," दादांनी कामाची वाटणी केली. "ह्या टोकाचं मी बघतो."

मुबश्शिरानं हात भरून येईस्तोवर डबा बडवला. दुसऱ्या दिवशीही बडवला. तिसऱ्या दिवशी सकाळी तौफिक पेरू तोडायला गेला, तर निम्मे पेरू चोचीनं फोडलेले.

"तुला राखणीला धाडलं हुतं, का पोपटांना जेवू घालायला?" तो पोरीवर ओरडला.

तिच्या टोकाला एकाही पेरूला धक्का नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. थेंब न घालताच. त्या दिवशी बागेत गेल्यावर तिनं डबा फांदीला अडकवला आणि झाडांच्या ओळीतून वाकत वाकत दादांच्या टोकाला गेली.

दादा बुंध्याला टेकून बसले होते. गुडघ्यावर मोबाईल, मोबाईलवर कुस्ती. "अरे पट काढ त्याचा! काढ की!" ते दात आवळून पुटपुटत होते. त्यांच्या डोक्यावरच्या फांदीवर तीन पोपट एकच पेरू खात होते आणि त्याचा चुरा दादांच्या टोपीवर पडत होता.

"दादा!"

पोपट उडाले. दादाही जवळजवळ उडालेच.

"तुझ्या अम्मीला सांगू नगं," ते म्हणाले.

"न्हाई सांगत. पन तुमाला बी एकच तास."

"माझे डोळे म्हातारे झाले, बेटा. त्यांना आता काय होतंय?"

"डोक्यावर तीन पोपट हुते, त्ये दिसले का?"

दादांनी टोपीवरचा चुरा झटकला. मग मोबाईल तिच्या हातात दिला. मुबश्शिरानं तो रुमालात बांधून पाण्याच्या मोटारीच्या खोलीत ठेवला. मग दोघं नुसतेच बसले. दादांचा हात सारखा खिशाकडे जात होता.

"त्या पैलवानानं मघाशी कसला डाव टाकला?" शेवटी तिनंच विचारलं.

"ढाक."

"ढाक म्हंजी?"

दादा गुडघ्यावर हात देऊन उठले. तरुणपणी त्यांनी जत्रेतले कुस्तीचे फड गाजवले होते. दोन झाडांमधल्या भुसभुशीत मातीत त्यांनी तिला उभं केलं, तिचा हात काखेत धरून पाय कुठं अडकवायचा ते दाखवलं. थवा आला की दोघं डबे घेऊन धावायचे, आणि परत आले की पुन्हा माती.

महिनाभरात तिच्या पापण्या थाऱ्यावर आल्या. बागेतले पेरूही बरेचसे वाचले. फक्त तिचे कपडे रोज एवढे कसे मळतात, हे सुरय्याला कळत नव्हतं.

ते तिला एका शनिवारी कळलं. ती बागेत चहा घेऊन आली तेव्हा तौफिक टेम्पोत क्रेट चढवायला वाकला होता. मुबश्शिरानं मागून जाऊन त्याचा हात काखेत घेतला, पाय अडकवला आणि अंग टाकलं. धिप्पाड तौफिक पेरूंच्या क्रेटमध्ये फतकल मारून बसला.

"चीतपट!" दादा ओरडले, आणि सूनबाई दिसताच आभाळात पोपट शोधायला लागले.

सुरय्यानं चहाची किटली खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हसून हसून हलत होते.

तौफिक काही उठला नाही. त्यानं अंगाखालचा एक चेंगरलेला पेरू काढला, एक घास घेतला आणि लेकीला म्हणाला, "पुन्हा दाखव बरं. पाय नेमका कुठं घातलास?"